अपप्रचार आणि नागरी दक्षता (खानदेश)

अपप्रचार आणि नागरी दक्षता : एखादे मत, उमेदवार, माल किंवा भीती लोकांच्या गळी उतरवण्यासाठी हेतुपुरस्सर पसरवलेली खोटी वा अर्धवट माहिती म्हणजे अपप्रचार. तो ओळखून पडताळणे आणि सार्वजनिक कारभारात स्वतः लक्ष घालणे म्हणजे नागरी दक्षता. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या खानदेशात अहिराणी, लेवा गणबोली, भिली, पावरी अशा बोली नांदतात. सरकारी खुलासा प्रमाण मराठीत निघतो. अफवा घरच्या बोलीत, ओळखीच्या माणसाच्या तोंडून येते. निम्मा खेळ इथेच ठरतो.

याचे सर्वांत भीषण उदाहरण साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे घडले. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे संदेश आणि व्हिडिओ त्याआधी मोबाइलवर फिरत होते. भिक्षेसाठी आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक एका लहान मुलीशी बोलताना दिसले आणि संशयाला तेवढे निमित्त पुरले. जमावाने त्यांना ग्रामपंचायत कार्यालयात कोंडून मारले. पाच जण दगावले. बळी पडलेले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे होते. गावोगाव फिरून भिक्षा मागणे हा या समाजाचा पिढीजात व्यवसाय. ज्या कार्यालयात गावाने एकत्र बसून खरेखोटे करायचे, तेच कार्यालय त्या दिवशी कोंडवाडा झाले. संदेश कोणी तयार केला, यापेक्षा तो कोणाकडून आला यावर लोकांचा विश्वास बसतो, हे राईनपाड्याने दाखवले. भावकीच्या ग्रुपवर आलेल्या गोष्टीला पुरावा कोण मागणार?

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळीविषयीच्या निकालात प्रत्येक जिल्ह्यात यासाठी वरिष्ठ पोलीस अधिकारी नेमण्याचा आदेश दिला. दोन्ही उपाय आवश्यक होते, पण दोन्ही गावाबाहेरचे.

प्रत्येक इशारा खोटा मानणे ही दक्षता नव्हे, हे नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर तालुक्यावरून कळते. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील बर्ड फ्लूची पहिली साथ याच तालुक्यात आढळली. कोंबड्या नेहमीच्या राणीखेत रोगाने मरत आहेत, असे आधी सांगितले जात होते. भोपाळच्या प्रयोगशाळेने खरा विषाणू ओळखला आणि लाखो पक्षी नष्ट करावे लागले. उलट २०२० च्या सुरुवातीला ‘चिकन खाल्ल्याने कोरोना होतो’ ही धादांत खोटी अफवा पसरली आणि राज्यभर कोंबडीचे भाव कोसळले. पहिल्या वेळी भीती खरी होती आणि दिलासा खोटा. दुसऱ्या वेळी नेमके उलटे. दोन्ही वेळा निवाडा तपासणीनेच झाला, भीती वाटते की नाही यावर नव्हे.

निवडणुकीच्या काळात पडताळणीचे एक साधन हातातच असते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७-क नुसार निवडणुकीच्या पत्रकावर किंवा पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व पत्ते छापणे बंधनकारक आहे. पत्रक हाती पडले की आधी तळाची बारीक अक्षरातली ओळ पाहावी. ती नसेल, तर मजकूर कितीही पटणारा असो, देणारा तोंड लपवतो आहे एवढे नक्की. मतदानाच्या आदल्या रात्री दाराखालून सरकवलेल्या कागदांवर ती सहसा सापडत नाही. आचारसंहिताभंगाची तक्रार फोटोसह करण्यासाठी निवडणूक आयोगाचे ‘सी-व्हिजिल’ हे अ‍ॅप आहे.

सरकारी गाजावाजाही याच कसोटीवर घासावा लागतो. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली येथे पंतप्रधानांच्या उपस्थितीत देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. समारंभ खराच होता. पण कार्ड मिळाले म्हणजे रेशन मिळाले असे होत नाही, आणि पुढे काय झाले हे विचारण्याचे काम समारंभानंतर सुरू होते. माहिती अधिकार कायदा, २००५ नुसार दहा रुपयांच्या अर्जावर सामान्यतः तीस दिवसांत उत्तर देणे अधिकाऱ्याला भाग असते.

या प्रदेशाला लोकशिक्षणाची जुनी परंपरा आहे. अमळनेरच्या शाळेत शिक्षक असताना साने गुरुजी वसतिगृहातील मुलांसाठी हस्तलिखित ‘छात्रालय’ दैनिक काढत. १९३८ मध्ये त्यांनी ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक सुरू केले. त्याआधी डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. अर्थात हाही प्रचारच होता. फरक एवढा, की त्यावर काढणाऱ्याचे नाव असे आणि त्याला जाब विचारता येई.

आज ती जागा ग्रामसभेची. कायद्याने वर्षातून किमान चार सभा घ्याव्या लागतात. दवंडी होते, पण गणपूर्तीसाठी (कोरमसाठी) लागणारे शंभर किंवा पंधरा टक्के मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढेही, बऱ्याच गावांत जमत नाहीत. कोरमअभावी सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्याने मोजक्या माणसांत ठराव मंजूर होतात. मग ‘गावाने ठरवले’ हे वाक्य कागदावर खरे आणि चावडीवर खोटे ठरते. अपप्रचाराचा हा सर्वांत बिनबोभाट प्रकार म्हणावा लागेल. नंदुरबारच्या सातपुड्यातील पाड्यांना पेसा कायद्याखालच्या (आदिवासी भागातील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) २०१४ च्या राज्य नियमांनुसार आपली स्वतंत्र ग्रामसभा जाहीर करून घेता येते. तिथली चर्चा भिलीत किंवा पावरीत होऊ शकते, म्हणून या तरतुदीचे मोल अधिक.

खरेखोटे सरकारनेच ठरवावे, या वाटेला न्यायालयाने अडसर घातला आहे. केंद्राच्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा ठरवण्याचा अधिकार सरकारी सत्यशोधन कक्षाला देणारी २०२३ ची नियमदुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. सरकारला खुलासे करण्याची मुभा आहेच. ते खुलासेही इतर कोणत्याही दाव्यासारखेच तपासले जातात.