पेटीतला चित्रपट, तबकडीवरचा चित्रपट

माझ्या कपाटात एकाच जुन्या तमाशापटाच्या दोन प्रती आहेत. एक इथे कोल्हापुरात महाद्वार रोडवर घेतलेली व्हीसीडी, म्हणजे चित्रपटाची तबकडी, दुसरी मामांच्या घरातून आलेली व्हिडिओ कॅसेट. कॅसेटवर सवाल-जवाबाचा फड पुरा रंगतो. व्हीसीडीवर मधले दोन सवाल गायब आहेत आणि हलगीचा ठेका एका क्षणात तुटून पुढच्याच प्रसंगावर जातो. बरं, कॅसेट तरी पूर्ण म्हणावी, तर तिच्यात नायिकेच्या आईचा एक अख्खा प्रसंग नाही, तो व्हीसीडीवर आहे. मामांनी हा चित्रपट तरुणपणी टॉकीजमध्ये चार वेळा पाहिलेला. ते म्हणतात, दोन्हींत नसलेली एक गौळण त्यात होती.

कुणाचं खरं धरायचं? कोल्हापुरात हा प्रश्न सिनेमाइतकाच जुना आहे.

बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आणला. कॅमेरा इथेच, हाताने घडवलेला. भीमाने केलेला कीचकवध त्यांनी इतका अंगावर येईल असा चित्रित केला होता की सेन्सॉरने हरकत घेतली आणि तो प्रसंग काढावा लागला. सेन्सॉर मंडळं तेव्हा नुकतीच कुठे उभी राहत होती. म्हणजे कोल्हापूरच्या पहिल्याच चित्रपटाची दोन रूपं झाली: बाबूरावांनी केलेलं एक आणि पुढे लोकांनी पाहिलेलं दुसरं. त्याच बाबूरावांचा ‘सावकारी पाश’ १९२५ चा मूकपट, आणि १९३६ साली त्यांनीच तो पुन्हा बोलपट म्हणून केला. मूकपट आज हाती नाही. त्याची कीर्ती वाचून कुणी बोलपट बघायला बसला, तर तो वेगळाच चित्रपट बघत असतो, हे त्याला कुणीतरी आधी सांगायला हवं.

प्रभात फिल्म कंपनीचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आणि, माझ्या मते, सगळ्यांत कमी समजून घेतलेलं. १ जून १९२९ ला कोल्हापुरात कंपनी सुरू झाली, १९३३ मध्ये पुण्याला गेली. मधल्या काळात, १९३२ साली, ‘अयोध्येचा राजा’ आला. त्याचीच हिंदी आवृत्ती ‘अयोध्या का राजा’. आज आपण ‘हिंदी आवृत्ती’ म्हटलं की आवाज बदललेली तीच फिल्म डोळ्यांपुढे येते. तेव्हा तसं नव्हतं. पार्श्वगायन यायला अजून अवकाश होता. नट कॅमेऱ्यापुढे उभा राहून स्वतः बोलायचा, स्वतः गायचा आणि आवाज तिथल्या तिथे मुद्रित व्हायचा. त्यामुळे दुसरी भाषा हवी तर तोच प्रसंग पुन्हा उभा करायचा. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांनी हरिश्चंद्र-तारामतीचं दुःख दोन भाषांत दोनदा भोगलं. निगेटिव्ह दोन, टेक वेगळे, नजरा वेगळ्या, थांबण्याच्या जागाही वेगळ्या.

ही पद्धत पुण्यातही चालू राहिली. ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’ १९३७, ‘माणूस’ आणि ‘आदमी’ १९३९. १९४१ च्या ‘शेजारी’त तर नटच बदलले: मराठीत पाटील झाले केशवराव दाते, हिंदी ‘पडोसी’त ठाकूर झाले मझहर खान, आणि मिर्झा मात्र दोन्हींकडे गजानन जागीरदार. हिंदीतला हिंदू म्हातारा मुसलमान नटाने उभा केला आणि मुसलमान म्हातारा हिंदू नटाने. हा सगळा अर्थ फक्त हिंदी प्रतीत आहे, मराठी तबकडी पाहून तो कळणार नाही. म्हणून मराठी-हिंदी जोडीतली एकच तबकडी घेऊन ‘पाहिला’ म्हणणं मला अर्धवट वाटतं.

मग आगी. ३० जानेवारी १९४८ नंतर उसळलेल्या दंगलीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला. ‘मीठभाकर’ त्या आगीत खाक झाला आणि भालजींनी तो पुन्हा केला. आपल्याला ठाऊक असलेला ‘मीठभाकर’ हा राखेतून दुसऱ्यांदा उभा राहिलेला आहे. पहिला कसा होता, त्यातला कुठला प्रसंग दुसऱ्यांदा अधिक चांगला जमला, कुठला हातचा गेला, याचा विचार मनात आला की जयप्रभाच्या बाजूने जाताना पाय रेंगाळतात. पुढे ८ जानेवारी २००३ ला पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या गोदामाला आग लागली आणि तिथली नायट्रेट फिल्म, म्हणजे जुन्या काळची चटकन पेट घेणारी फिल्म, गेली, प्रभातच्या मूळ फिल्मसकट. नायट्रेट पेटली की पाण्यानेही विझत नाही. त्यानंतर उरल्या त्या नकला आणि नकलांच्या नकला. घरी बघायला मिळतं ते बहुधा यांच्यावरूनच.

कात्री फक्त सेन्सॉरच्या हातात होती असंही नाही. प्रिंट, म्हणजे टॉकीजमध्ये चालवायची फिल्मची प्रत, पेटीतून यायची. मोठ्या गावात आठवडे काढून ती तालुक्याला जायची, तिथून जत्रेतल्या तंबूत. फिल्म तुटली की ऑपरेटर दोन-चार चौकटी कापून जोड मारायचा. सेकंदाला चोवीस चौकटी, म्हणजे एका जोडात डोळ्याला फारसं काही कळत नाही. पण वीस वेळा तुटलेल्या रिळात संवादाचे शब्द जातात. सर्वांत जास्त झीज रिळाच्या सुरुवातीला आणि शेवटी, कारण हाताळणी तिथेच. त्यामुळे जुन्या चित्रपटात दर दहा किंवा वीस मिनिटांनी एक उडी जाणवते. घड्याळ लावून बघा. शिवाय शेवटच्या खेळानंतर लोकांना एसटी गाठायची असायची, आणि जत्रेत रात्रीत एक खेळ जादा बसवायचा असायचा, तेव्हा गाणंच उचललं जाई. कापलेला तुकडा परत जोडला गेला तर ठीक, नाहीतर तो डब्याच्या तळाशी राहून गेला.

ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आला तेव्हा कॅसेट काढणाऱ्यांना मूळ निगेटिव्ह कुठे मिळणार? वितरकाकडे जी प्रिंट शिल्लक होती तीच यंत्रावर चढली. कुणाकडे तालुके फिरून आलेली, कुणाकडे जरा बरी. माझ्या कपाटातल्या दोन प्रतींचं कोडं मला इथे सुटल्यासारखं वाटतं: त्या दोन वेगवेगळ्या पेट्यांतून आल्या असणार. गावोगावच्या ऑपरेटरांनी मारलेले जोड त्यांच्यावर कायमचे गोठले.

व्हीसीडीने आणखी एक अडचण आणली. एका तबकडीवर साधारण चौऱ्याहत्तर ते ऐंशी मिनिटं मावतात. तीन तासांचा चित्रपट दोन तबकड्यांत बसत नाही. तिसरी तबकडी घाला किंवा चित्रपट कापा. माझ्याकडच्या व्हीसीडीच्या काढणाऱ्यांनी काय निवडलं ते सवाल-जवाबात दिसतंच.

मात्र मिनिटं कमी भरली म्हणजे कात्री लागलीच, असं धरू नये. आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत सेकंदाला पंचवीस चौकटींची. चोवीसची फिल्म तिच्यावर सर्रास पंचवीसने पळवली जाते. एकही चौकट न गमावता दोन तासांचा चित्रपट एकशे पंधरा मिनिटांत संपतो. आवाजही चढतो: हार्मोनियमच्या काळी एक पट्टीतली लावणी काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्ये कुठेतरी जाऊन बसते, आणि पेटी घेऊन साथ करू पाहणाऱ्याला ती कुठल्याच पट्टीत सापडत नाही. दुसरी गोष्ट युद्धकाळाची. कच्च्या फिल्मचा तुटवडा पडला आणि १९४२ मध्ये सरकारने चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर आणली, म्हणजे दोन तासांच्या किंचित वर. त्या वर्षांतला चित्रपट आटोपशीर असेल तर तो मुळातच तसा असण्याची शक्यता मोठी.

बाहेर या विषयाची चर्चा फार आधी सुरू झाली. फ्रिट्झ लांगचा ‘मेट्रोपोलिस’ १९२७ साली बर्लिनमध्ये दाखवला आणि थोड्याच महिन्यांत कापला. हरवलेला भाग २००८ मध्ये ब्युनोस आयर्सच्या एका संग्रहालयात १६ मिलिमीटरच्या नकलेत सापडला. २०१० च्या आवृत्तीत ती सुमारे पंचवीस मिनिटं ओरखड्यांसकट परत घातली आहेत, त्यामुळे काय हरवलं होतं ते बघताक्षणी कळतं. ही प्रामाणिक पद्धत मला फार आवडते. ‘ब्लेड रनर’चा २००७ चा संच तर पाच आवृत्त्या एकत्र देतो, निवड बघणाऱ्याची.

आपल्याकडे सर्वांना माहीत असलेलं उदाहरण ‘शोले’चं. १९७५, आणीबाणी. ठाकूर गब्बरला खिळ्यांच्या बुटांनी मारतो हा शेवट सेन्सॉरला चालला नाही, म्हणून पोलिस येऊन थांबवतात असा शेवट चित्रित केला गेला. चित्रगृहात तोच चालला. मूळ शेवट अनेकांनी प्रथम पाहिला तो व्हिडिओवर. टॉकीजमध्ये न मिळालेली गोष्ट घरच्या कॅसेटने दिली, हे व्हिडिओचं मोठं देणं आहे. जून २०२५ मध्ये मूळ शेवटासह दुरुस्त केलेली प्रत इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. उलट ‘मुघल-ए-आझम’ २००४ मध्ये रंगवून आला तो सुमारे वीस मिनिटांनी आखूड होऊन.

मराठीत ‘पिंजरा’ २०१६ मध्ये नव्याने स्वच्छ करून पडद्यावर आला तेव्हा इथले जुने प्रेक्षक पुन्हा रांगेत उभे राहिले. तोही जोडीचाच चित्रपट, मराठी १९७२ चा, हिंदी त्यानंतरचा. अशा कामाबरोबर एक छोटी चिठ्ठी असावी अशी माझी मनापासून इच्छा आहे: कुठल्या प्रिंटवरून घेतलं, लांबी किती होती, काय सापडलं नाही. तबकडीच्या खोक्यावर नटांची नावं ठळक असतात, ही माहिती कुठेच नसते.

तोवर एक साधन आपल्या हाती आहे. चित्रपट सुरू होण्याआधीचं सेन्सॉरचं प्रमाणपत्र. बहुतेक जण ते पुढे ढकलतात. ते थांबवून वाचावं. त्यावर लांबी बऱ्याचदा मीटरमध्ये असते. प्रमाणपत्रावर त्रिकोण असेल तर सेन्सॉरने काही काढायला लावलं आहे. मिनिटाला सुमारे २७.४ मीटर फिल्म जाते. ४,११५ मीटर म्हणजे दीडशे मिनिटं, टीव्हीच्या वेगाने एकशे चव्वेचाळीस. तुमच्या तबकडीवर एकशे छत्तीस भरली, तर आठ मिनिटं कुठल्या तरी गावात राहिली.

गेल्या महिन्यात मामांना घेऊन बसलो, कॅसेट आणि व्हीसीडी शेजारी शेजारी लावून. नेमका कुठला प्रसंग कुठे आहे ते वहीत उतरवलं. दोन्ही मिळून हिशेब जवळजवळ लागला, साडेतीन मिनिटं कमी पडली. मामांनी डोळे मिटून ती गौळण म्हणून दाखवली, तीन कडवी. मी घड्याळ लावलं होतं. सव्वातीन मिनिटं भरली.