‘औषध कोणतं मारलं होतं?’ : यवतमाळच्या फवारणी विषबाधेची पार्श्वभूमी

फवारणी करताना चक्कर येऊन पडलेल्या माणसाला दवाखान्यात आणलं की डॉक्टर आधी विचारतात, औषध कोणतं मारलं होतं? उत्तर येतं, ‘मालकानं दिलं ते’, नाहीतर ‘कपाशीवरचं’. बाटली शेतातच राहिलेली असते. कधी दोन-तीन बाटल्या एकाच पंपात ओतलेल्या असतात आणि त्यातली एखादी तर नुसतं टॉनिक असते. विषाला आपण सगळेच सर्रास ‘औषध’ म्हणतो. कृषी केंद्राच्या पाटीवरही बियाणे, खते, औषधे असंच लिहिलेलं असतं. माझ्या मते ही साधी बोलण्याची सवय नाही, अर्धी अडचण या शब्दातच आहे.

२०१७ च्या खरिपात, जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान, एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसं फवारणीच्या विषबाधेनं दगावली आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. काहींची दृष्टी काही काळ गेली, काहींना श्वास घेणं जमेना. बाधितांमध्ये छोटे शेतकरी होते, तसे रोजंदारीनं फवारायला जाणारे मजूरही बरेच होते. बातम्या राज्यभर पोचेपर्यंत सप्टेंबर संपत आला होता. या घटनेची मुळं मात्र यवतमाळपासून फार लांब आहेत.

१९३६ मध्ये जर्मनीत गेरहार्ड श्राडर हा रसायनशास्त्रज्ञ किडे मारणारं नवं द्रव्य शोधत होता. त्याच्या हाती लागलं ते टॅबून, म्हणजे युद्धात वापरण्याजोगं विष. त्याच ऑर्गनोफॉस्फेट कुळातून पुढे पॅराथिऑन निघालं. आपल्या खेड्यांत ते ‘फॉलिडॉल’ या नावानं आलं आणि इतकं रुजलं की ते एका कंपनीच्या मालाचं नाव आहे हेच लोक विसरले. कीटकनाशक आणि युद्धातला विषारी वायू हे चुलत भाऊ आहेत. आपल्या नसा स्नायूंना आणि ग्रंथींना ज्या रसायनानं निरोप पाठवतात, ते काम झाल्यावर मोडून टाकणारं कोलिनेस्टरेज नावाचं विकर शरीरात असतं. हे विष त्या विकरालाच बांधून टाकतं, मग निरोप थांबतच नाहीत. तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, अंगभर घाम, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, स्नायू फडफडतात आणि फुप्फुसं आतल्या पाण्यानं भरतात. शेवटी माणूस कोरड्या जमिनीवर बुडाल्यासारखा गुदमरतो.

यावरचा उतारा जुना आहे : ॲट्रोपिन. बेलाडोना आणि आपल्या धुऱ्यावर उगवणारा धोतरा ज्या वनस्पतिकुळातले, त्यातलंच हे द्रव्य. (म्हणून कुणी धोतरा खाऊ नये, तो स्वतःच विषारी आहे.) ॲट्रोपिन देणं हे चिकाटीचं काम आहे. दर काही मिनिटांनी मात्रा दुप्पट करत जायची, छातीतली घरघर थांबेपर्यंत. बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून थांबायचं नाही, फुप्फुसं कोरडी व्हायला हवीत. जोडीला बांधलेलं विकर सोडवणारं प्रॅलिडॉक्झिम, पण ते लवकर दिलं तर. आणि या सगळ्याच्या आधी रुग्णाचे कपडे उतरवून त्याला साबणानं धुवायला हवं, कारण भिजलेल्या सदऱ्यातून विष अंगात मुरतच असतं.

भारतातल्या कायद्याची सुरुवातही विषबाधेतूनच झाली. १९५८ मध्ये केरळमध्ये पॅराथिऑन अन्नधान्यात मिसळून शंभराहून अधिक माणसं मेली. चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शाह यांचा आयोग नेमला गेला. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, कीटकनाशक कायदा आला आणि १९७१ मध्ये त्याचे नियम. बाटलीवरचा तो तिरपा चौकोन त्या नियमांमधला : लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. लेबलवर उतारा छापणं सक्तीचं झालं. नियमांमध्ये असंही आहे की फवारणीच्या कामावर घेतलेल्या माणसाची कामाआधी वैद्यकीय तपासणी व्हावी. विषबाधेची प्रत्येक घटना कळवणं बंधनकारक करण्याचा अधिकार कायद्यानं राज्य सरकारला दिला. फवारायला जायच्या आधी रक्त तपासून घेतलेला एखादा मजूर कुणी पाहिला असेल तर मला जरूर दाखवावा.

मधे भोपाळ झालं. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री ज्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडलं, तोही कीटकनाशकाचाच होता, ‘सेविन’ या नावाखाली कार्बारिल बनवणारा. त्या रात्रीही हमीदिया रुग्णालयातल्या डॉक्टरांपुढे हाच प्रश्न होता : हे आहे काय, आणि यावर द्यायचं काय? त्यांना नीट उत्तर मिळालं नाही. त्याची दखल घेऊन १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात नवं प्रकरण घातलं गेलं, ज्यानुसार कामगारांना आणि आसपासच्या लोकांना धोक्याची माहिती देणं कारखानदाराला बंधनकारक झालं. १९९५ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र सुरू झालं, १८०० ११६ ११७ या क्रमांकावर चोवीस तास डॉक्टरांनाही सल्ला मिळतो. पण कारखान्यांसाठीच्या कायद्याचं राज्य कारखान्याच्या फाटकापाशी संपतं. तिथून ड्रम निघाला, बाटल्या भरल्या, कृषी केंद्रातून शेतात गेल्या की तेच रसायन हाताळणारा माणूस कामगार उरत नाही. त्याच्यासाठी ना सुरक्षा अधिकारी, ना कारखान्याचा डॉक्टर, ना निरीक्षक.

यवतमाळमध्ये २०१७ सालीच हे का पेटलं? बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली तेव्हा फवारणी कमी होईल असं सांगितलं गेलं होतं, आणि काही वर्षं झालीही. मग गुलाबी बोंडअळीनं बीटीला जुमानणं सोडलं. त्या हंगामात तिचा हल्ला जबर होता, सोबत रसशोषक किडी. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, डोक्याच्याही वर गेलेली. पूर्वी पाठीवरच्या पंपाचा दांडा हातानं मारावा लागे, आता चार्जिंगचा पंप बारीक धुकं सलग सोडतो. उंच पिकात नळी वर धरून फवारलं की ते धुकं फवारणाऱ्याच्याच तोंडावर येतं. भादव्यातली ऊन आणि दमट हवा, त्यामुळे मास्क नाही, हातमोजे नाहीत, आणि कुणी दिले तरी त्यात गुदमरायला होतं. मोजमाप झाकणानं : पंपाला एक झाकण, अळी जास्त दिसली तर दोन.

एका बाटलीसोबतचं माहितीपत्रक मी मुद्दाम उलगडून वाचायला बसलो. अक्षरं मुंगीएवढी, घड्यांवर घड्या, एकामागून एक भाषा. मराठी मजकूर सापडायलाच वेळ गेला. त्यात डॉक्टरांसाठी उपचाराच्या दोन ओळी होत्या. फवारणाऱ्यासाठी ‘वाऱ्याच्या दिशेनं फवारा’ होतं, समोरचं पीक त्याच्याहून उंच असेल तर काय करायचं ते नव्हतं.

राज्य सरकारनं अमरावती विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमलं. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कोलिनेस्टरेजची तपासणी होत नव्हती, हेही त्याच्या अहवालात आलं. म्हणजे बाटली सोबत नसेल, तर विषाचं कूळ रक्तातून ओळखायची वाटही बंद. याची किंमत कळायला डायफेंथियुरॉन या कीटकनाशकाचं नाव पुरेसं आहे. ते ऑर्गनोफॉस्फेट नाही, पेशींच्या ऊर्जानिर्मितीवर घाव घालतं आणि त्यावर उतारा नाही. अशा रुग्णाला ॲट्रोपिन देत राहिलं तर उलट अपायच. दोन्ही एकाच पंपात असतील, तर डॉक्टर अंधारात चाचपडत राहतो.

त्यानंतर पश्चिम विदर्भात मोनोक्रोटोफॉस, डायफेंथियुरॉन यांसह ५ कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी आली. तोवर हंगाम जवळजवळ संपला होता. मोनोक्रोटोफॉसचा इतिहास तर आधीच ठाऊक होता : २००५ मध्ये भाजीपाल्यावर त्याच्या वापराला बंदी, २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या मध्यान्ह भोजनातून २३ मुलांचा मृत्यू. तरी कपाशीसाठी ते दुकानात होतंच. यवतमाळच्या दोन विधवा आणि एक बचावलेला शेतकरी यांनी २०२१ मध्ये डायफेंथियुरॉन विकणाऱ्या सिंजेंटा या स्विस कंपनीवर थेट स्वित्झर्लंडच्या बाझेलमध्ये दावा लावला. त्या देशानं स्वतःच्या शेतात डायफेंथियुरॉन केव्हाच बंद केलेलं आहे.

राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात विमा योजना होती, तिच्यात जंतुनाशकांच्या विषबाधेनं झालेला मृत्यू धरला जात होता आणि मदत होती २ लाख रुपये. ती सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदाराला, पुढे त्याच्या कुटुंबातल्या आणखी एकालाही. दुसऱ्याच्या शेतात रोजानं पंप पाठीला लावणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं आणि औषधाच्या बिलावरही नसतं.