येरवड्यातल्या भेटीमागचा इतिहास

जब्बार पटेल यांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’मधला अभिनय जोखायचा तर मी येरवडा तुरुंगातला प्रसंग निवडेन. एकीकडे मामूट्टींचे बाबासाहेब, दुसरीकडे उपोषणाला बसलेले मोहन गोखल्यांचे गांधीजी. पण त्या भेटीत काय पणाला लागलं होतं हे ठाऊक नसेल, तर मामूट्टींच्या चेहऱ्यावरचा ताण नुसता राग वाटतो.

१४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईच्या मणिभवनात दोघं पहिल्यांदा समोरासमोर आले. आपल्याला मायभूमीच नाही, असं बाबासाहेबांनी तिथेच सुनावलं. पुढे लंडनच्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत अस्पृश्यांच्या वतीने बोलायचं कुणी, यावरून उघड खटका उडाला. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड यांचा जातीय निवाडा, म्हणजे कायदेमंडळांत कोणत्या समाजाला कसं प्रतिनिधित्व द्यायचं याचा निर्णय, आला. त्यात दलितांना दोन मतं होती: एक स्वतःच्या वेगळ्या मतदारसंघात, दुसरं सर्वसाधारण मतदारसंघात. मला हे दुसरं मत अधिक मोलाचं वाटतं. त्यामुळे सवर्ण उमेदवारालाही दलित वस्तीत मत मागायला यावं लागलं असतं.

दलितांच्या या वेगळ्या मतदारसंघाला विरोध म्हणून २० सप्टेंबरला गांधीजींनी येरवडा तुरुंगात प्राणांतिक उपोषण सुरू केलं आणि सगळा भार बाबासाहेबांवर आला. गांधीजींचं काही बरंवाईट झालं असतं, तर त्याची झळ गावोगावच्या दलितांना बसली असती. २४ तारखेला पुणे करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांतल्या राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या. स्वतंत्र मतदारसंघ आणि ते दुसरं मत मात्र गेलं. हा करार बाबासाहेबांना पुढे कायम सलत राहिला.

१९८२ च्या ‘गांधी’त रोहिणी हट्टंगडींच्या कस्तुरबा आहेत, श्रीराम लागूंचे गोपाळ कृष्ण गोखलेही आहेत, पण बाबासाहेब नाहीत. ही उणीव मला फार मोठी वाटते. ती भरून काढणारा चित्रपट केंद्र आणि महाराष्ट्र सरकारच्या पैशातून उभा राहिला, तोही इंग्रजीत, आणि नायक मल्याळी. मामूट्टींना त्यासाठी १९९८ चा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार अजय देवगण यांच्याबरोबर विभागून मिळाला. २००० साली चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा मोहन गोखले हयात नव्हते. एप्रिल १९९९ मध्येच त्यांचं निधन झालं होतं.