पार्श्वभूमी: नेरुळचा तो सामना नोंदीत का नाही

भारतीय महिला फुटबॉल संघ जुलै २०२५ मध्ये आशियाई चषकासाठी पात्र ठरला तेव्हा 'स्वबळावर पहिल्यांदाच' आणि '२००३ नंतर प्रथमच' असे दोन्ही मथळे झळकले. पहिला बिनचूक आहे. दुसरा वाचताना नवी मुंबईकरांना मात्र अडखळल्यासारखे झाले असेल. २० जानेवारी २०२२ च्या रात्री नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर हाच संघ याच स्पर्धेत इराणशी पूर्ण ९० मिनिटे खेळला होता. सामना ०-० बरोबरीत सुटला. पुढे तो रद्दबातल ठरला, आणि गटाच्या तक्त्यात आज त्याचा मागमूसही नाही.

स्पर्धा तशी जुनी आहे. १९७५ मध्ये हाँगकाँगला ती सुरू झाली तेव्हा तिचा कारभार बायकांच्या फुटबॉलसाठी उभ्या राहिलेल्या एका वेगळ्या संघटनेकडे होता. पुरुषांचा खेळ पाहणाऱ्या आशियाई महासंघाने तिला सामावून घेतले ते १९८६ मध्ये. त्या आधीच्या काळात भारत चांगलाच दबदबा राखून होता. १९७९ च्या अखेरीस कालिकतला झालेल्या स्पर्धेत यजमान म्हणून आपण एक सोडून दोन संघ उतरवले आणि त्यातला एक अंतिम फेरीत गेला. १९८३ मध्ये बँकॉकलाही आपण उपविजेते होतो. नंतर चीनने सलग सात विजेतेपदे मिळवली, उत्तर कोरिया आला, २००६ पासून ऑस्ट्रेलिया आला, जपानने २०१४ आणि २०१८ चे चषक नेले. या साऱ्यात आपण मागे पडत गेलो, ते इतके की २०२२ मध्ये मुख्य फेरीत जागा मिळाली ती यजमान म्हणून.

ते यजमानपद २०२० मध्ये मिळाले. आधी भुवनेश्वर आणि अहमदाबादचीही नावे होती. कोरोनाच्या साथीमुळे प्रवास कमी करायचा म्हणून सगळे सामने महाराष्ट्रात आणले गेले: नेरुळ, अंधेरी आणि पुण्याचे बालेवाडी. कागदावर हा विचार शहाणपणाचा होता. पण स्पर्धेच्या दोन आठवडे आधी मुंबईत ओमिक्रॉनचे दिवसाला २० हजारांवर रुग्ण सापडत होते आणि बायो-बबल, म्हणजे संघांना बाहेरच्या संपर्कापासून दूर ठेवणारे कवच, याच भागातल्या हॉटेलांत उभारायचा होता.

२३ जानेवारीला भारताची गाठ चायनीज तैपेईशी, म्हणजे तैवानशी, होती. सामन्याला थोडाच वेळ उरला असताना कळले की भारत खेळू शकत नाही. २३ जणींच्या चमूतल्या डझनभर बाधित होत्या, काही जखमी. महासंघाने साथकाळासाठी केलेल्या विशेष नियमांत सामन्यासाठी किमान १३ खेळाडू उपलब्ध असण्याची अट होती. तेवढ्या नसतील तर सामना न होण्याची जबाबदारी त्या संघाची, आणि त्या संघाने स्पर्धेतून माघार घेतली असे मानायचे. मग मूळ नियमावलीतले आणखी एक कलम लागू झाले: माघार घेतलेल्या संघाचे आधीचे सामनेही रद्द. दोन कलमे एकापुढे एक ठेवली आणि यजमान संघ तीन दिवसांत बाहेर.

नियम आधीच ठरलेला होता आणि सर्वांना सारखा होता, हे खरेच. पण १३ चा आकडा काही आशियाचा शोध नव्हे. २०२१ च्या उन्हाळ्यात झालेल्या पुरुषांच्या युरो स्पर्धेतही तोच होता. तिथे मात्र सामना ४८ तासांपर्यंत पुढे ढकलण्याची सोय होती, आणि तरीही जमले नाही तर तेवढा एक सामना ०-३ ने गमवावा लागला असता, अख्खी स्पर्धा नव्हे. आफ्रिकेत तर त्याच आठवड्यात दुसरे टोक पाहायला मिळाले. तैपेईविरुद्धचा सामना रद्द झाल्यावर दुसऱ्याच दिवशी, २४ जानेवारीला, आफ्रिका चषकात कोमोरोसचा पुरुष संघ यजमान कॅमेरूनविरुद्ध एकही गोलरक्षक नसताना उतरला. डावी बाजू सांभाळणारा बचावपटू गोलमध्ये उभा राहिला आणि त्याच्या जर्सीवर ३ हा आकडा चिकटपट्टीने बनवलेला होता. अकरा जण उभे राहू शकत असतील तर खेळा, असा तिथला दंडक. तो माणुसकीचा होता असे कोणी म्हणणार नाही. पण या दोन टोकांच्या मधली वाट उपलब्ध होती आणि ती निवडली गेली नाही.

भारताचा चीनविरुद्धचा सामना २६ जानेवारीला होता. एक सामना सोडून दिल्याचे धरले असते तरी तो उरला असता. भारताच्या प्रशिक्षकाने हॉटेलच्या कर्मचाऱ्यांच्या चाचण्यांकडे बोट दाखवले. महासंघाने कलम दाखवले. बबल कुणाच्या हातात होता हा प्रश्न त्या कलमात बसतच नव्हता, कारण ते फक्त खेळाडू मोजत होते.

याची झळ इराणलाही लागली आणि त्याची चर्चा जवळजवळ झालीच नाही. ही त्यांची पहिलीच आशियाई स्पर्धा. यजमानांना रोखून मिळवलेला एकमेव गुण पुसला गेला. चीनने ७-० आणि चायनीज तैपेईने ५-० ने हरवल्यावर त्यांच्या नावापुढे भोपळा राहिला. गटात तीनच संघ उरल्याने, बाद फेरीत जाणारे संघ ठरवायला तिसऱ्या क्रमांकांची तुलना करताना इतर गटांतल्या तळाच्या संघांविरुद्धचे निकालही वगळावे लागले. जपान आणि दक्षिण कोरियाकडून प्रत्येकी ०-३ ने हरलेला व्हिएतनाम त्या हिशेबातही इराणच्या पुढे राहिला आणि पुढे प्ले-ऑफ सामन्यांतून २०२३ च्या विश्वचषकापर्यंत पोचला. ६ फेब्रुवारीला नेरुळलाच चीनने मध्यंतराच्या ०-२ पिछाडीवरून दक्षिण कोरियाला ३-२ ने हरवून चषक नेला. इतका रंगलेला सामना यजमान संघ बाहेर असल्यामुळे आपल्याकडे फारसा कुणी पाहिला नाही.

पुढच्या, २०२६ च्या ऑस्ट्रेलियातल्या स्पर्धेसाठी भारताला पात्रता फेरीतून जावे लागले आणि गटातला एकच संघ पुढे जाणार होता. मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तेला ४-०, इराकला ५-० असे हरवल्यावर ५ जुलैला चियांग माईत थायलंडशी निर्णायक सामना झाला. दोन विश्वचषक खेळलेल्या थायलंडला त्यांच्याच मैदानावर भारताने २-१ ने हरवले. नंतर मुख्य फेरीची गटवारी निघाली, त्यात भारताबरोबर जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई आले.