प्रयोगशाळेतला किरणोत्सारी कचरा: हाताळणीचे नियम आधी आले, विल्हेवाटीचे फार उशिरा

फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ हेन्री बेकरेल यांना 1896 मध्ये युरेनियमच्या क्षारांतून निघणाऱ्या किरणांचा पत्ता लागला आणि 1898 मध्ये क्युरी दांपत्याने पोलोनियम व रेडियम शोधून काढले. या पदार्थांपासून स्वतःला जपावे लागेल, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. 1901 मध्ये बेकरेल यांनी रेडियमची नळी खिशात ठेवली आणि काही दिवसांनी त्या जागची कातडी भाजल्यासारखी झाली. मारी क्युरी यांच्या वह्या आजही पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिशाचे अस्तर लावलेल्या पेट्यांत ठेवलेल्या आहेत. रेडियम-226 चे अर्धायुष्य, म्हणजे त्यातले निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ, 1600 वर्षे असल्याने शंभर वर्षांत ते जेमतेम चार टक्के कमी होते.

पहिला मोठा धडा प्रयोगशाळेबाहेर मिळाला. अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्या रेडियमच्या रंगाने रंगवणाऱ्या मुली ब्रशचे टोक ओठांत धरून बारीक करत. त्यातून पोटात गेलेले रेडियम कॅल्शियमसारखे हाडांत जाऊन बसले. जबडे सडले, हाडांचे कर्करोग झाले. किरणोत्सार बाहेरून अंगावर पडणे आणि पदार्थच शरीरात शिरणे, हे दोन वेगळे धोके आहेत, हे तिथे कळले. शरीरात जास्तीत जास्त 0.1 मायक्रोग्रॅम रेडियम चालेल, अशी मर्यादा 1941 मध्ये ठरली. किरणोत्सारी कामाच्या खोलीत खाणेपिणे बंद आणि तोंडाने पिपेट (द्रव मोजून घेण्याची नळी) ओढायची नाही, हे नियम याच धोक्यासाठी आहेत.

बाहेरून मिळणाऱ्या मात्रेसाठी 1928 मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय समिती नेमली गेली आणि 1934 मध्ये तिने दिवसाला 0.2 रोंटजेनची (किरणांच्या मात्रेचे जुने एकक) मर्यादा सुचवली. आजच्या एककात ती ढोबळमानाने वर्षाला 500 मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या मात्रेचे एकक) भरते. त्याच समितीच्या वारसदार आयोगाने 1990 मध्ये पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट, असा आकडा दिला.

प्रयोगशाळांचे चित्र खऱ्या अर्थाने पालटले 1946 मध्ये. ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या ओक रिजच्या अणुभट्टीत तयार झालेल्या कार्बन-14 ची पहिली कुपी संशोधनासाठी बाहेर पडली. तोवर रेडियम मोजक्या ठिकाणी होते. आता कोणत्याही जीवशास्त्र विभागाला किरणोत्सारी समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू) मागवता येऊ लागली. त्याबरोबर कचराही बदलला: हातमोजे, पिपेटची टोके, टिपकागद, प्राण्यांची कलेवरे, बाटल्याच्या बाटल्या द्रव. पुढची कित्येक वर्षे हे सगळे पाण्यात मिसळून गटारात, पिंपात भरून जमिनीत किंवा थेट समुद्रात जात राहिले. समुद्रात किरणोत्सारी कचरा टाकण्यावर पूर्ण बंदीचा निर्णय झाला तो 1993 मध्ये.

हाताळणीचे शास्त्र मात्र पदार्थागणिक पक्के होत गेले. फॉस्फरस-32 चे बीटा कण (अणुकेंद्रातून सुटणारे वेगवान इलेक्ट्रॉन) 1.71 एमईव्हीपर्यंतच्या (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचे असतात आणि हवेत सुमारे सहा मीटर जातात. त्यांना 1 सेंटिमीटर जाडीचे अॅक्रिलिक अडवते. जड म्हणून शिसे जास्त चांगले, असे वाटून थेट शिसेच लावले, तर त्यात कण थांबताना क्ष-किरण निर्माण होतात. म्हणून आत अॅक्रिलिक आणि गरज पडली तर त्याच्या बाहेर शिसे. ट्रिटियमचे (किरणोत्सारी हायड्रोजन) बीटा कण इतके दुबळे की गायगर काउंटर हे किरणोत्सार मोजण्याचे नेहमीचे यंत्र त्यांच्यापुढे गप्प राहते. तिथे टेबलाचा साधारण 100 चौरस सेंटिमीटर भाग फिल्टर पेपरने पुसून तो सिंटिलेशन काउंटरमध्येच (नमुना एका खास द्रवात बुडवून त्यात उमटणारे प्रकाशाचे ठिपके मोजणारे यंत्र) मोजावा लागतो. आयोडीन-125 आम्लात पडले की वाफ होऊन उडते आणि श्वासावाटे थायरॉइडमध्ये साठते. म्हणून द्रावण अल्कधर्मी ठेवायचे, काम फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढून घेणारे कपाट) करायचे आणि सांडले तर सोडियम थायोसल्फेट ओतायचे, म्हणजे आयोडीनचे न उडणारे आयोडाइड होते. जंतू मारायचे म्हणून त्या कचऱ्यात ब्लीच घातले, तर आयोडाइडचे पुन्हा आयोडीन होते. ही चूक आजही होते.

विल्हेवाटीचा प्रश्न ऐरणीवर आला तो 1979 मध्ये. सदोष पॅकिंगमुळे अमेरिकेतल्या नेव्हाडा आणि वॉशिंग्टन राज्यांनी आपापली कचरा पुरण्याची केंद्रे काही काळ बंद केली आणि प्रयोगशाळांत कचरा तुंबला. त्यात मोठा वाटा सिंटिलेशन काउंटरसाठी वापरलेल्या द्रवाच्या कुप्यांचा होता. त्यांत किरणोत्सार नाममात्र, पण द्रवातले टोल्युइन किंवा झायलिन हे द्रावक पेट घेणारे. खरा धोका आगीचा. 1981 मध्ये तिथल्या नियामक आयोगाने तोडगा काढला: ट्रिटियम किंवा कार्बन-14 चे प्रमाण ग्रॅमला 0.05 मायक्रोक्युरीपर्यंत (किरणोत्साराचे जुने एकक) असेल, तर ते सिंटिलेशन द्रव आणि प्राण्यांची कलेवरे किरणोत्सारी न मानता हलवावीत. ज्वलनशील रसायनाचे नियम अर्थातच कायम राहिले. आमच्या मते हा अतिशय शहाणपणाचा निर्णय होता.

अल्पायुषी समस्थानिकांसाठी साठवून ठेवून क्षय होऊ देण्याची पद्धत रुळली. अर्धायुष्याची मर्यादा अनेक ठिकाणी 120 दिवस धरतात. दहा अर्धायुष्यांत 1024 वा भाग उरतो, हे सूत्र सगळ्यांना पाठ असते, पण ते ढोबळ आहे. 37 मेगाबेकरेल (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचा क्षय) फॉस्फरस-32 पिशवीत गेले, तर दहा अर्धायुष्यांनी, म्हणजे 143 दिवसांनीही 36 किलोबेकरेल उरते. त्यामुळे तारीख उलटली की पिशवी टाकली, असे चालत नाही. ती शिशाच्या पेटीतून बाहेर काढायची, पार्श्वभूमीचा किरणोत्सार कमी असलेल्या जागी न्यायची, काउंटर सर्वांत संवेदनशील पट्टीवर लावून सगळ्या बाजूंनी तपासायची आणि मगच किरणोत्साराची चिन्हे खोडून साध्या कचऱ्यात द्यायची. सगळ्यात नुकसान होते ते वर्गीकरणात. फॉस्फरसच्या पिशवीत 87 दिवस अर्धायुष्याचे गंधक-35 पडले, तर पाच महिन्यांचा मुक्काम अडीच वर्षांवर जातो. हजारो वर्षे अर्धायुष्य असलेल्या कार्बन-14 चे पिपेटचे एक टोक पडले, तर ती पिशवी कधीच मोकळी होत नाही.

सीलबंद स्रोतांची, म्हणजे धातूच्या कुपीत कायमच्या बंद केलेल्या किरणोत्सारी पदार्थांची, कथा निराळी आणि जास्त जीवघेणी. दिल्ली विद्यापीठाचे 1985 पासून पडून असलेले कोबाल्ट-60 चे किरणन यंत्र 2010 मध्ये भंगारात विकले गेले आणि दिल्लीच्याच मायापुरी भंगार बाजारात ते उघडले गेल्यावर एका कामगाराचा मृत्यू झाला. कोबाल्ट-60 चे अर्धायुष्य 5.27 वर्षे, 1968 च्या खरेदीपासून आठ अर्धायुष्ये सरली होती, म्हणजे मूळ शक्तीचा अडीचशेवा भाग उरला होता. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची स्रोतांसाठीची आचारसंहिता 2003 मध्येच आली होती. वापर संपलेला स्रोत पुरवठादाराकडे परत पाठवायचा, ही वाट तिने खुली ठेवली. मात्र खरेदीच्या वेळीच करारात तसे लिहून घेतले नसेल, तर चाळीस वर्षांनी पुरवठादार शोधूनही सापडत नाही.

जुन्या कपाटांत अजूनही रेडियमचे छोटे स्रोत निघतात. रेडियमच्या क्षयातून रेडॉन आणि हेलियम वायू तयार होत राहतात, आत दाब वाढतो आणि जुने डाख फुटतात. असा स्रोत सापडला तर डबी उघडू नये; खोली रिकामी करावी, दाराला कुलूप लावावे आणि किरणोत्सार सुरक्षा अधिकाऱ्याला बोलवावे. ते आधी डबीच्या बाहेरच्या बाजूचा पुसून घेतलेला नमुना मोजतात आणि गळती नाही याची खात्री झाल्यावरच ती वेल्डिंगने बंद होणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या कुपीत ठेवण्यासाठी हलवतात.