बर्फात रुतलेला ठोकळा

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात मिल लॅक्स नावाचं तळं आहे. सुमारे 535 चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्या नाथसागराहून बरंच मोठं. हिवाळ्यात ते गोठलं की त्याच्या पाठीवर मासे धरणाऱ्यांचं गावच वसतं. गाडीमागे ओढत आणलेल्या खोल्या, आत हीटर, फरशीला भोकं, त्याखाली गिरमिटाने बर्फाला पाडलेली भोकं आणि त्यांतून सोडलेले गळ. खोलीचा तळ बर्फाला चिकटू नये म्हणून खाली लाकडी ठोकळे सारतात. मुक्काम हलवताना खोली निघते, ठोकळा काही निघत नाही.

होतं असं, की खोलीच्या आणि साचलेल्या हिमाच्या भाराने बर्फाचा थर किंचित दबतो आणि भेगांतून, भोकांतून खालचं पाणी वर येतं. रात्रीत ते ठोकळ्याभोवती गोठतं. मग तो फोडून काढायचा तर बोटं बधिर होतात, अंधार पडत आलेला असतो. ‘राहू दे’ म्हणून माणूस गाडीत बसतो.

पाणी 4 अंश सेल्सियसला सर्वांत जड असतं आणि बर्फ पाण्याहून हलका, म्हणून तळं वरून गोठतं. हा बर्फ तळ्यावरचं काही महिन्यांचं झाकण आहे. त्याच्यावर टाकलेलं सगळं, बिअरचे डबे, मानवी मैल्याच्या पिशव्यासुद्धा, वसंतात पाण्यात जातं. मिनेसोटाने 2023 साली बर्फावर कचरा टाकणाऱ्याला 100 डॉलरचा दंड ठेवला. माझ्या मते फारच स्वस्तात सोडलं.

गळाच्या शिशाच्या वजनाची गोष्ट वाटाण्याएवढीच, पण वाईट. लून हा मिनेसोटाचा राज्यपक्षी अन्न दळायला तळातले खडे गिळतो. खड्यांसोबत शिसं गेलं की पोटातलं आम्ल आणि खड्यांची घासणी मिळून ते विरघळवतात. एक तुकडा पक्ष्याचा जीव घ्यायला पुरतो.

आता पुन्हा ठोकळ्याकडे. साधारण एप्रिलअखेर बर्फ जातो, मेच्या मध्याला वॉलआय माशाचा हंगाम उघडतो आणि होड्या सुसाट सुटतात. पाणी प्यालेला ठोकळा जेमतेम दोन बोटं वर दिसतो, बारीक लाटांत तेवढाही नाही. त्यावर इंजिनाचा पंखा आदळला की होडी जागेवर थांबते. इंजिन बंद पडलेली होडी वारा आणि लाटा मिळून आडवी करतात आणि आडव्या होडीत लाट सरळ आत येते.

मिल लॅक्स मोठं असलं तरी उथळ, खोलात खोल जागी जेमतेम 13 मीटर. लाटेच्या दोन माथ्यांत 25 मीटर अंतर असेल, तर तिची हालचाल साडेबारा मीटर खोलवर पोचते. म्हणजे जवळजवळ सगळीकडे लाटेचे पाय तळाला लागतात. ती आखूड आणि उभी होते. होडीचं नाक एका लाटेतून सावरतंय तोवर दुसरी समोर. अशा वेळी नांगर नाकाकडूनच टाकायचा. मागून टाकला तर बुटकी, इंजिनाने जड झालेली बाजू लाटांसमोर येते. होडी उलटायला मोकळं पाणी आणि जोराचा वारा एवढं असलं तरी पुरतं. 2024 च्या मे महिन्यात उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले.

मिल लॅक्सवर त्यात थंडीची भर. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिसब्रेख्त एक-दहा-एक असा हिशेब सांगतात: बर्फासारख्या पाण्यात पडल्यावर एक मिनिट श्वास आवरायला, दहा मिनिटं हातपाय कामाचे, शुद्ध हरपायला एक तास. अंगात लाईफ जॅकेट नसेल, तर त्या दहा मिनिटांनंतर पट्टीचा पोहणाराही बुडतो. ते बाकाखाली ठेवलेलं असेल, तर पहिल्या मिनिटात अंगात चढत नाही.

गंमत म्हणजे ठोकळा आपणहून सुटतोही. मार्चच्या उन्हात काळपट लाकूड तापतं, भोवतालचा बर्फ पाझरतो आणि हाताने उचलावा इतका तो सैल होतो. पण तोवर खोल्या हलवायची मुदत संपत आलेली असते आणि उन्हाने पोकळ झालेल्या बर्फावर जाडी मोजूनही भरवसा धरता येत नाही. किनाऱ्यावरून तो नुसता दिसत राहतो.