क्षेत्र-प्रशिक्षण अधिकारी (आपत्कालीन वैद्यकीय सेवा)

रुग्णवाहिकेवर नव्याने रुजू झालेल्याला प्रत्यक्ष कॉलवर शिकवणारा आणि तो एकट्याने जबाबदारी घेऊ शकेल का, हे ठरवणारा अनुभवी सहकारी. ‘एफटीओ’ (फील्ड ट्रेनिंग ऑफिसर) या नावानेही ओळखला जातो. ही पद्धत १९७०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील सॅन होजे शहराच्या पोलिस दलात आकाराला आली. पुढे तिकडच्या रुग्णवाहिका सेवांनी ती घेतली. उमेदवार आधी पाहतो, मग हाताखाली काम करतो, शेवटी कॉल स्वतः सांभाळतो. रोजची निरीक्षणे लिहून ठेवली जातात.

गुजरातेत १०८ सेवा २००७ मध्ये सुरू झाली. गाडीवर ईएमटी (आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ) आणि पायलट, म्हणजे चालक, अशी दोनच माणसे, डॉक्टरांचा सल्ला फोनवर. वरिष्ठ जागेवर नसतोच. म्हणून सोबत शिकवायला येणारा माणूसच नव्या ईएमटीने पाहिलेला पहिला नेता ठरतो.

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या एखाद्या जुन्या मराठी घरातला कॉल घ्या. मधुमेही आजी म्हणतात, “दुखत नाही रे, नुसती गभरामण होते” (गुजरातीत, जीव घाबरा होतो). उमेदवार अशक्तपणा लिहायला निघतो. अशा वयात आणि मधुमेहात हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो, हे अधिकाऱ्याला ठाऊक असते. तो उमेदवाराला बाजूला सारत नाही, हळूच विचारतो, “घाम कधीपासून येतोय, विचारलंस?” उमेदवार आजींचा तळहात हातात घेतो; तो गार आणि ओला लागतो. पुढचे त्याला आपोआप सुचते. आजींची नाडी हाती लागत नसती, तर मात्र प्रश्न विचारत बसणे हा गुन्हा ठरला असता. तिथे अधिकाऱ्यानेच पुढे व्हायचे.

कुठे थांबायचे आणि कधी हात घालायचा, ही पारख निव्वळ ज्येष्ठतेने येत नाही. उत्तम ईएमटी उत्तम शिक्षक असतोच असे नाही, तरीही नेमणूक बहुधा नोकरीची वर्षे मोजून होते, आणि ती चूक महागात पडते. अधिकाऱ्यालाही वेगळे शिकवावे लागते: कॉलनंतर गाडी पुसता पुसता चूक कशी दाखवावी, नातेवाइकांसमोर उमेदवाराचा मान कसा राखावा, मोघम ‘ठीक’ न लिहिता काय दिसले ते कसे लिहावे, नापास करायची वेळ आली तर कच कशी खाऊ नये. उमेदवार दोन-तीन अधिकाऱ्यांच्या हाताखालून गेला तर एकाच्या आवडीनिवडीचा परिणाम कमी होतो. या कामासाठी पाळीत वेळ राखून ठेवावा लागतो; नाहीतर नोंदवह्या पाळी संपताना घाईघाईने भरल्या जातात.